दोन्ही दिवे हिरवे असताना

॥ श्री ॥

कडा, नागपंचमी
२९ जुलै २०२५

ती. सोमेश्वरदादा यांस,
वनमालाचा शिरसाष्टांग नमस्कार.

एसटीच्या पार्सलानं काल सामान पोचलं. दोन लाईनींचा डबा एक, त्याचा चार्जर एक, निळ्या वायरी दोन, आणि मनकर्णावहिनींनी घातलेली शेंगदाण्याची चटणी एक पिशवी. पार्सलाचे नव्वद रुपये तुम्ही बीडला भरलेत. इथं स्टँडवर हमालानं दहा मागितले, पाच दिले. चटणीचं तेल एका वायरीला लागलं होतं, पुसून घेतलं.

तुम्हाला फोनवर ऐकू येत न्हाई आणि तुमच्या बटणाच्या मोबाईलवर फोटो जात न्हाई, म्हणून सगळं पत्रातच लिहिते. अभिमन्यू हसतो. "आई, इंटरनेटची तक्रार पोस्टानं करणारी जगात तू एकटीच," म्हणतो.

डबा कशाला हवा ते वहिनींना अर्धंमुर्धं सांगितलं होतं, तुम्हाला नीट सांगते. आमची सून रोहिणी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. दवाखान्याची बिलं विम्यासाठी येतात, ती तपासायची. बाळ आठ महिन्यांचं झालं. बाळ वर्षाचं होईस्तोवर कड्यातून काम करायला कंपनीनं हो म्हणलं होतं, पण काम सारखं मधेच तुटतं. आता साहेबांनी लेखी कळवलंय. पंधरा सप्टेंबरपर्यंत सुधारलं तर ठीक, न्हाई तर सोळा तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. अभिमन्यूचं ट्रॅक्टरच्या पार्टांचं दुकान इथं, त्याला हलता येत न्हाई. म्हणजे रोहिणीनं तिकडं एकटीनं खोली करायची आणि बाळ दिवसभर पाळणाघरात, किंवा मग नोकरी सोडायची. तिनं सोडू नये असं मला वाटतं. मॅट्रिक झाल्यावर मला अंगणवाडीच्या नोकरीचं पत्र आलं होतं. ते मला कुणी दाखवलंसुद्धा न्हाई. चार महिन्यांनी फडताळ झाडताना कागदाखाली सापडलं.

आमच्याकडं लाईनी दोन. एक सिदू केबलवाल्याची तारेची, दुसरी सिमकार्डाच्या छोट्या डब्याची. तार पडली की रोहिणी उठून सिमची लाईन लावायची, तोवर हातातलं काम गेलेलं असायचं. आता दोन्ही तुमच्या डब्यात खोचल्या. डबा देवघराच्या खोलीत ठेवलाय, कारण सिदूची तार तिथूनच घरात येते. दोन हिरवे दिवे लागले, एक तारेचा, एक सिमचा.

पण एक कळलं न्हाई. दोन्ही चालू असताना रोहिणीचं काम कुठल्या वाटेनं जातं? आणि ते ठरवतं कोण? मी समोर पाट घेऊन बराच वेळ बसले होते, दोन्ही दिवे सारखेच लुकलुकतात. अडाणी म्हणा, पण कळवा.

तुमची
वनमाला

*

बीड, २ ऑगस्ट

चि. सौ. वनमाला हिस सोमेश्वरचे अनेक आशीर्वाद.

डब्याला पैसे पडले नाहीत. इथल्या एका कोचिंग क्लासनं जागा बदलली, तिथं हा डबा मीच बसवला होता, त्यांनी मला देऊन टाकला. चाळीस पोरं एका वेळी त्यावर व्हिडिओ बघत होती आणि दोन वर्षांत एक तक्रार आली नाही. तेव्हा तू निर्धास्त राहा.

तुझा प्रश्न अडाणी नाही. आमच्या टेलिफोन खात्यात इंजिनिअर लोक असं विचारत नसत. ऐक. रोहिणीनं एक पान उघडलं की तिचा संगणक पंधरा-वीस बारीक बारीक मागण्या करतो. अक्षरं पाठवा, चित्र पाठवा, अमुक आकडा पाठवा. डबा त्या मागण्या वाटून देतो. एक तारेनं, पुढची सिमनं, त्याच्या पुढची परत तारेनं. लग्नाच्या पंगतीत दोन वाढपी असावेत तसं समज. दोघं मिळून वाढतात म्हणून पंगत लवकर उठते, आणि एकाला ठेच लागली तर दुसरा सगळी पंगत सांभाळतो. मी वाटणी अर्धी-अर्धी लावून दिली आहे. भावाभावांत होत नाही इतकी चोख वाटणी आहे.

एक वही घाल. काम अडलं की वेळ लिही, त्या वेळी कुठले दिवे लागलेले होते ते लिही आणि रोहिणी काय म्हणाली ते लिही. तुला वहीचा नाद आहेच. वायरींना मात्र कुणी हात लावू नका.

तीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडल्या आणि आता दारावरची बेल मला मनकर्णा सांगते. पण तारांमधलं अजून कळतं.

सोमेश्वर

*

कडा, १४ ऑगस्ट

ती. दादांस नमस्कार.

तुमचं पत्र चार तारखेला सकाळी मिळालं, त्याच दिवशी वही घातली. खाली जशीच्या तशी उतरवते.

चार तारखेला सहा वेळा अडलं. पाचला एकदाही न्हाई. सहाला सात वेळा. सातला पाच, आठला सहा. अकराला तीन वेळा, पण त्या दिवशी रस्त्याच्या कामात जेसीबीनं तार तोडली आणि चार तास तारेचा दिवा बंद होता. बारा तारखेला सात, तेराला पाच. एकूण एकोणचाळीस.

दादा, डबा आल्यापासून अडणं कमी झालेलं न्हाई, वाढलंय. आधी तार पडली तरच अडायचं. आता बिल अर्धं तपासून झालं की संगणक तिला बाहेर काढतो आणि म्हणतो, आपण कोण ते परत सांगा. मग परत नाव घालायचं, परत पासवर्ड, परत मोबाईलवर आकडे यायची वाट बघायची. तोवर बिल पहिल्यापासून.

परवा मी तिला विचारलं, "तुला बाहेर काढतंय तरी कोण?"

"आत्या, ते कळलं असतं तर मी त्याच्या घरी जाऊन बसले नसते का," म्हणाली. मग बाळाला माझ्याकडं देऊन परत बसली. हसली न्हाई.

पाच तारखेचं सांगते. त्या दिवशी एकादशी होती. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत एकदासुद्धा अडलं न्हाई. मला तर पांडुरंगाचीच कृपा दिसते. नारायणगडाला दर्शनाला जाऊन येईन असा नवस बोलले आहे. तुमचा विश्वास न्हाई हे माहीत आहे, पण वहीत शून्य आहे ते शून्यच आहे.

वनमाला

*

बीड, १८ ऑगस्ट

चि. सौ. वनमाला हिस आशीर्वाद.

विठोबाला विटेवर उभं राहून इतकी वर्षं झाली, त्यानं आता पुण्याच्या दवाखान्याची बिलंही बघावीत का? नारायणगडाला जरूर जा, पण आधी त्या सिदूला बोलव.

मला जे दिसतं ते असं. तारेच्या जोडाची जागा सैल आहे. लाईन पूर्ण पडत नाही, डोळ्याचं पातं लवतं तेवढीच जाते आणि येते. दिवा तेवढ्यात विझत नाही म्हणून तुम्हाला तो हिरवा दिसतो. असले जोड मी हजारांनी बघितलेत. सिदूला सांग, टोकाचा जोड कापून नवा कर. "चालतंय की" असं म्हणेल, ऐकू नकोस. एकादशीच्या दिवशी वारा कमी असेल, दुसरं काही नाही.

आणि वहीत एक उणीव आहे. फक्त अडल्यावर दिवे लिहितेस. काही अडलं नाही तरी सकाळ, दुपार, संध्याकाळ तीन वेळा दिवे लिहीत जा. बिघाड शोधताना धडधाकट दिवसही बघावा लागतो.

मनकर्णा विचारते, चटणी कशी होती.

सोमेश्वर

*

कडा, २२ ऑगस्ट

ती. दादांस नमस्कार.

चटणी छान होती, संपली.

सिदू तुमचं पत्र यायच्या आधीच येऊन गेला होता, अभिमन्यूनं बोलावला होता. "वयनी, जोड लई मस्त हाय," म्हणाला. "कावून कापायला लावताय?" तरी कापायला लावला. नवा केला. फरक पडला न्हाई. चौदाला सहा वेळा, अठराला पाच, वीसला सहा, काल सात. पंधराला सुट्टी होती.

आणि एकोणीसला एकदाही न्हाई. एकोणीसला परत एकादशी होती.

तुमचं पत्र काल आलं. दिवे तीन वेळा लिहीत जा, असं त्यात वाचलं आणि मी वही घेऊन बसले. एकोणीस तारखेचे दिवे मला आठवत होते. ते लिहायला लागले आणि हात अडला. वहीत खोटं मी आजवर लिहिलं न्हाई, आणि खरं लिहायचं तर तुम्हाला सांगावं लागतं.

दादा, मी वायर काढते. एकादशीला देवघरात दिवसभर हरिपाठ लावते, त्याला छोटा स्पीकर आहे. त्या खोलीत बटणांच्या बोर्डावर जागा दोनच. एकीवर तुमचा डबा, एकीवर सिमचा. तुमच्या डब्याला हात लावायचा न्हाई हे पक्कं होतं, म्हणून सिमच्या डब्याची पिन काढली आणि तिथं स्पीकर लावला. रोहिणी कामाला बसायच्या आधी काढली, ती उठल्यावर परत लावली. दोन्ही एकादशींना. मनात म्हणलं, तार तर चालू आहे, एका दिवसानं काय होतंय. पहिल्या वेळेस दिवसभर जीव मुठीत होता. एकदाही अडलं न्हाई तेव्हा वाटलं, देवानं सांभाळून घेतलं. म्हणून तुम्हाला शून्य लिहिलं आणि पिनेचं लिहिलं न्हाई. रोहिणीलाही सांगितलं न्हाई. माझ्यामुळंच बाकीच्या दिवशी डबा रुसतो की काय, अशीही शंका यायची.

पण काल खरं लिहून काढल्यावर मी वही पहिल्यापासून वाचली, आणि दिव्यांचा हिशोब वेगळा केला. आजवर त्रेसष्ट वेळा अडलं. त्यातल्या बासष्ट वेळा दोन्ही दिवे हिरवे होते. दोन्ही! उरलेली एक वेळ अकरा तारखेची, तार तुटली त्या क्षणाची. त्यानंतर चार तास सिम एकटंच होतं, त्या चार तासांत काही अडलं न्हाई. दोन एकादशींना तार एकटीच होती, तेव्हाही अडलं न्हाई.

म्हणजे तार एकटी चांगली, सिम एकटं चांगलं. दोघं मिळून असले की अडतं. हे कसं काय? तुमचे दोन वाढपी एकमेकांना आडवे जातात का? की पानावर बसलेलाच दोघांना बघून गोंधळतो?

चूक माझी असेल तर स्पष्ट लिहा. राग मानणार न्हाई. दिवस चोवीसच उरलेत.

वनमाला

*

बीड, २६ ऑगस्ट

चि. सौ. वनमाला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. मनकर्णा म्हणाली, जेवण निवतंय. चूक तुझी नाही, माझी आहे, आणि ती कशी ते लिहिल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

पानावर बसलेलाच गोंधळतो, हे तू बरोबर लिहिलंस. सिदूच्या तारेनं जे बाहेर जातं त्यावर सिदूच्या लाईनीचा पत्ता असतो. सिमनं जे जातं त्यावर सिमवाल्यांचा पत्ता असतो. घर तुमचं एकच, पण बाहेरच्याला ती दोन घरं दिसतात. आता समज, तू मला चार पानी पत्र लिहिलंस. पहिल्या पानावर कड्याचा शिक्का, दुसऱ्यावर नागपूरचा, तिसऱ्यावर परत कड्याचा. अक्षर तुझंच असलं तरी मी म्हणेन, मधेच हे दुसरं कोण लिहायला लागलं? रोहिणीची कंपनी लोकांच्या दुखण्याखुपण्याचे कागद सांभाळते, ती कडक असणारच. एका पत्त्यावरून नाव सांगून आत आलेली बाई मधेच दुसऱ्या पत्त्यावरून बोलायला लागली की ती तिला बाहेर काढते आणि विचारते, आपण कोण. त्यांचं बरोबर आहे.

कोचिंगची पोरं नुसती व्हिडिओ बघत होती. तिथं कुणी कुणाला ओळख विचारत नव्हतं, म्हणून माझी वाटणी चालली. एका जागी चाललं ते सगळीकडं चालेल असं मी धरलं आणि तुझ्या सिदूच्या जोडाला फुकट दोष दिला.

लाज याची वाटते की हे मला माहीत होतं. एक्स्चेंजमध्ये तारांच्या दहा जोड्या मोकळ्या असल्या तरी एक बोलणं आम्ही एकाच जोडीवर ठेवायचो, फोन खाली ठेवीपर्यंत. अर्धं वाक्य या जोडीवर आणि अर्धं त्या जोडीवर कधीच टाकलं नाही. दोन वाटा असल्या म्हणून एकाच माणसाला दोन्हींवर चालवायचं नसतं. एकाला एक वाट द्यायची, दुसऱ्याला दुसरी, आणि एक बुजली तरच दोघांनी उरलेल्या वाटेवरून जायचं.

आता करायचं ते. डब्याच्या बुडाला चिठ्ठी आहे, त्यावरचा पत्ता आणि पासवर्ड रोहिणीच्या संगणकावर घातला की डब्याचं पान उघडतं. तिथं "अर्धं-अर्धं" आहे ते काढायचं. नियम करायचा: रोहिणीचा संगणक तारेवर, तार मेली तरच सिमवर. बाकी घरातले मोबाईल सिमवर, सिम मेलं तरच तारेवर. कुठलं बटण कुठं ते वेगळ्या कागदावर काढून दिलंय. तार पडेल तेव्हा तिला एकदा बाहेर काढेलच, त्याला इलाज नाही. पण एकदाच.

हे रोहिणीनं करायचं आहे, म्हणजे पिनेचं तिला सांगावं लागेल. सांग. तू पिना काढल्या नसत्यास तर मी अजून सिदूला शिव्या देत बसलो असतो.

सोमेश्वर

*

कडा, ८ सप्टेंबर

ती. दादांस नमस्कार. आजपासून पितृपक्ष लागला. गणपती, गौरी नीट पार पडल्या.

तुमचं पत्र अठ्ठावीसला आलं. त्याच संध्याकाळी रोहिणीला समोर बसवलं, वही दिली, तुमचं पत्र दिलं आणि पिनेचं सांगितलं. तिनं दोन्ही वाचलं. मग म्हणाली, "आत्या, तुमी मला तवाच का न्हाई सांगितलं?"

मी म्हणलं, "भ्याले. तुझी नोकरी माझ्या हरिपाठानं जायची म्हणून."

"आणि मी काय केलं माहितीय का?" असं म्हणून तिनं मोबाईल दाखवला. वीस तारखेला, म्हणजे दुसऱ्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, तिनं साहेबांना लिहून पाठवलं होतं. एक दिवस नीट चालतं, दुसऱ्या दिवशी न्हाई, म्हणजे दोष माझ्याच कामात असावा. मी सोळापासून पुण्याला येते. आम्हाला कुणालाच बोलली नव्हती. अभिमन्यूलासुद्धा न्हाई. मी पिन लपवली आणि तिनं जाणं लपवलं. आणि आम्ही दोघी रोज एका ताटात भाकरी मोडत होतो.

रागावली. रागावणं बरोबरच होतं. बाळाला घेऊन ती तासभर ओट्यावर बसली, मी आत वरणाला फोडणी दिली. मग आपण होऊन आली. "चला आत्या, तुमच्या दादांचा कागद आणा, बघू कुठलं बटण कुठं आहे." मी कागद वाचला, तिनं बटणं दाबली. "अर्धं-अर्धं" गेलं. नियम लिहिताना डबा विचारतो की या नियमाला नाव काय द्यायचं. तिनं "आत्या" असं दिलं. मी पुसायला सांगितलं, ती पुसत न्हाई.

तेव्हापासून कामाचे सहा दिवस झाले. एकूण एकदा अडलं. दोन तारखेला दुपारी वाऱ्यानं तार पडली, तारेचा दिवा गेला, रोहिणीला बाहेर काढलं. तिनं परत नाव घातलं आणि काम सिमवरून सुरू झालं. तार आली तेव्हा मला धाकधूक होती, परत पत्ता बदलेल आणि परत अडेल. पण ती तोवर जेवायला उठली होती. हे लक्षात घेण्यासारखं आहे. तार परत आली की डबा तिला लगेच तारेवर ओढतो, की हातातलं काम संपेस्तोवर थांबतो? सवड झाली की हेही लिहा. तीन तारखेच्या एकादशीला स्पीकर स्वयंपाकघरात लावला.

आता मुख्य. रोहिणीनं साहेबांना फोन केला, मी शेजारी होते. साहेब म्हणाले, सहा दिवस चांगले गेले हे दिसतंय. पण तुम्हीच लिहून दिलंय की दोष तुमच्या कामात आहे, आणि तुमची खुर्ची इथं ठरली आहे. ते फिरवायचं तर वरच्यांना कागद दाखवावा लागेल. यंत्र कुणी बसवलं, त्यात काय चुकलं होतं, काय बदललं, हे बसवणाऱ्यानं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं. पंधरा तारखेला सोमवार आहे, त्या दिवशी सकाळी ते वरच्यांबरोबर याचा निर्णय करायला बसणार आहेत.

वहीची पानं आणि माझा एक कागद आम्ही पाठवून दिला. मी पिन कुठल्या तारखांना काढली आणि ते कुणापासून लपवलं, हे त्यात लिहिलंय, खाली पूर्ण नाव घातलं. लिहिताना कान गरम झाले, पण लिहिलं.

तुमचा कागद माझ्या कागदासारखा न्हाई, हे मला कळतं. मी घरातली बाई, माझं कोण काय धरणार. तुम्ही तीस वर्षं खात्यात काढली, बीडात लोक अजून तारेचं तुम्हालाच विचारतात. त्यात "वाटणी मी चुकीची लावली होती" असं वाक्य लागेल, आणि ते अनोळखी माणसं वाचतील. मला तुम्ही लिहिलंत ते घरातल्या घरात होतं. तेच पत्र पाठवू का, असं रोहिणीनं विचारलं. मी न्हाई म्हणलं. ते पत्र तुम्ही मला लिहिलंय, तुम्हाला विचारल्याशिवाय ते कुणाला दाखवायचं न्हाई.

तेव्हा दादा, लिहायचं असेल तर स्पीड पोस्टानं पाठवा, शनिवारपर्यंत इथं यायला हवं. रोहिणी त्याचा फोटो पुढं धाडेल. लिहायचं नसेल तरी माझं मन तुमच्याबद्दल आहे तसंच राहील. फक्त तसं दोन ओळींत उलट टपाली कळवा, म्हणजे तिला मी खोटी आशा लावून दाराकडं बघत बसवणार न्हाई.

तुमची
वनमाला